वाळवंटात दगड गोळा करायला जाण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जाऊन घोटण्याजोगे दगड गोळा करण्याच्या छंदाला तिकडे रॉकहाउंडिंग म्हणतात. त्या भागात राहणाऱ्या किंवा तिकडे मुलांकडे जाणाऱ्या मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी निदान प्रश्न ३, ४ आणि ८ पूर्ण वाचावेत, कारण अशी सहल बिघडते ती बहुधा दगड न मिळाल्यामुळे नव्हे, तर जमीन कोणाची आहे हे न पाहिल्यामुळे किंवा पाणी कमी नेल्यामुळे.

१. या वाळवंटात घोटण्याजोगे नेमके काय मिळते?

मुख्यतः सिलिकेची निरनिराळी रूपे मिळतात: अकीक, जॅस्पर, कॅल्सेडनी, आतून स्फटिकांनी किंवा अकिकाने भरलेले जिओड आणि अश्मीभूत लाकूड. या प्रदेशात ज्वालामुखींनी रायोलाइटचे आणि राखेचे जाड थर टाकले. त्या राखेतली सिलिका भूजलात विरघळून खडकांच्या पोकळ्यांत आणि भेगांत साचली व घट्ट झाली. मूळ खडक झिजून गेला तरी त्याच्याहून कठीण असलेले हे दगड मागे उरतात, आणि माती व झाडोरा कमी असल्यामुळे ते उघड्यावर दिसतात. मोह्‌स मापावर (हे माप १ ते १० असते) त्यांची कठीणता साधारण ६.५ ते ७ असते, म्हणून त्यांना चांगली चकाकी येते आणि ती टिकते.

ज्यांनी पुणे किंवा जळगाव परिसरातल्या दगडखाणींतील गारगोट्या आणि झिओलाइट पाहिले आहेत, त्यांना ही प्रक्रिया ओळखीची वाटेल, कारण दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्याही अशाच भरल्या गेल्या. मात्र स्टिल्बाइट किंवा ॲपोफिलाइटसारखी आपल्याकडची सुंदर खनिजे मऊ असल्यामुळे ती कपाटात ठेवायची असतात. ॲरिझोनाचे अकीक मात्र कापून अंगठीत बसवता येते.

२. घरी करवत नाही, टंबलरही (खडे फिरवून घोटणारे यंत्र) नाही. तरी जाण्यात अर्थ आहे का?

आहे. दगड नासत नाहीत. ते वर्षभर गॅरेजमध्ये पडून राहिले तरी काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत खनिजप्रेमींचे क्लब असतात आणि त्यांपैकी अनेकांची सामायिक कार्यशाळा असते, जिथे माफक वर्गणीत करवत आणि घासण्याची चाके वापरायला मिळतात. असे क्लब सहलीही काढतात. पहिली सहल अनुभवी माणसांबरोबर करणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, कारण कोणता दगड टाकून द्यायचा हे छायाचित्रे पाहून शिकता येत नाही.

३. वाळवंट तर मोकळेच दिसते. मग दगड कोणत्या जमिनीवर उचलता येतात आणि कोणत्या नाही?

कुंपण नाही म्हणून जमीन मोकळी आहे, असे येथे कधीही समजू नये. छंदासाठी दगड उचलण्याची मुभा प्रामुख्याने ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या जमिनीवर असते (पुढे याला बीएलएम म्हटले आहे). तेथे स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नव्हे, वाजवी प्रमाणात दगड, खनिजांचे नमुने आणि अल्पमोली रत्ने परवान्याशिवाय नेता येतात. राष्ट्रीय वनांमध्येही साधारणपणे थोडे दगड घेऊ देतात, पण तेथील वनकार्यालयाला आधी विचारणे चांगले.

राष्ट्रीय उद्यानांत एक खडादेखील उचलता येत नाही. जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, पेट्रिफाइड फॉरेस्ट ही उद्याने आणि मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह यांना हा नियम लागू आहे. कॅलिफोर्नियातल्या ॲन्झा-बोरेगोसारख्या राज्य उद्यानांतही बंदी आहे. आदिवासी राष्ट्रांच्या जमिनींवर त्यांच्या परवानगीखेरीज शिरूही नये. पश्चिम ॲरिझोनातल्या क्वार्टझ्साइट गावाच्या आसपास फिरताना कोलोरॅडो नदीकाठची अशी जमीन फार दूर नसते. ॲरिझोनातील राज्य ट्रस्टच्या जमिनीबाबत बऱ्याच जणांची गल्लत होते: तिथे फिरण्यासाठी मनोरंजन परवाना मिळतो, परंतु त्या परवान्यावर दगड नेता येत नाहीत.

लष्करी हद्दीचा प्रश्न नियमापुरता नाही, तो जिवाचा आहे. कॅलिफोर्नियातल्या ब्रॅडशॉ ट्रेलच्या दक्षिणेला चॉकलेट माउंटन्सचे बॉम्बफेकीचे क्षेत्र आहे आणि तेथे न फुटलेला दारूगोळा पडलेला असतो. क्वार्टझ्साइटच्या दक्षिणेलाही यूमा प्रूव्हिंग ग्राउंड हे लष्करी चाचणीक्षेत्र आहे. इशाऱ्याच्या पाटीपलीकडे कितीही चांगले जॅस्पर दिसले तरी पाऊल टाकू नये.

बीएलएमच्याच ताब्यातील पण विशेष दर्जा मिळालेल्या जागांचे (वन्य क्षेत्रे आणि राष्ट्रीय स्मारके) उत्तर प्रश्न १५ मध्ये आहे.

४. एखादी जागा बीएलएमची आहे आणि तिच्यावर कोणाचा खाणदावा नाही, हे घरबसल्या कसे पाहावे?

यात दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात आणि लोक बहुधा पहिलीच तपासतात.

पहिली गोष्ट मालकी. फोनवरच्या ऑनएक्स किंवा गाया जीपीएस यांसारख्या नकाशांत जमिनीच्या मालकीचा रंगीत थर सुरू करता येतो. बीएलएमची जमीन त्यात बहुतेक वेळा पिवळी दिसते. मोहावीच्या वाळवंटात हा थर सुरू केला की बुद्धिबळाच्या पटासारखी रचना दिसते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे देण्यात आले होते, आणि त्यातले बरेच तुकडे आजही खाजगी आहेत. त्यामुळे शंभर पावले चालल्यावर आपण सरकारी जमिनीवरून कोणाच्या तरी मालकीच्या जमिनीवर गेलेलो असतो आणि डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण तिथे नेटवर्क नसते.

दुसरी गोष्ट खाणदावा, म्हणजे क्लेम. १८७२ च्या खाण कायद्यानुसार सरकारी जमिनीवर कोणीही पात्र व्यक्ती खनिजांवर दावा नोंदवू शकते. अकीक किंवा फिरोजा यांसारख्या रत्नखनिजांवरही असे दावे असतात. दावा असलेल्या जमिनीवरून चालत जाता येते, पण दावेदाराच्या परवानगीशिवाय तिथले खनिज उचलता येत नाही. दाव्याच्या कोपऱ्यांवर लाकडी खुंट, पाइप किंवा दगडांची रास असते आणि कधी कधी त्यात डब्यात ठेवलेला कागदही असतो. तथापि खुणांवर पूर्ण विसंबू नये. दावा रद्द झाल्यावरही खुंट वर्षानुवर्षे उभे राहतात, आणि उलट जिवंत दाव्याचा खुंट पडून वाहूनही गेलेला असतो. खात्री करायची असेल तर बीएलएमच्या एमएलआरएस या ऑनलाइन नोंदवहीत त्या चौरस मैलातील दावे पाहावेत किंवा स्थानिक बीएलएम कार्यालयाला फोन करावा. तेथील कर्मचाऱ्यांना हे प्रश्न नेहमीचे असतात.

५. एका माणसाला किती दगड नेता येतात?

साध्या दगडांसाठी सरसकट आकडा नाही. नियमात ‘वाजवी प्रमाण’ असा शब्दप्रयोग आहे आणि काही बीएलएम कार्यालये आपापल्या क्षेत्रासाठी मर्यादा ठरवतात. एक-दोन बादल्यांवर कोणी हरकत घेत नाही. पिकअप भरून नेणाऱ्याला मात्र छंद म्हणजे काय हे समजावून सांगावे लागेल. यांत्रिक अवजारे आणि स्फोटके छंदाच्या व्याख्येत बसत नाहीत, आणि खणलेला खड्डा बुजवूनच निघावे, कारण त्या भागात गुरे आणि वन्यप्राणी फिरतात.

अश्मीभूत लाकडासाठी मात्र नेमका आकडा आहे: दरडोई दिवसाला २५ पौंड (सुमारे ११ किलो) अधिक एक तुकडा, आणि कॅलेंडर वर्षात एकूण २५० पौंडांहून अधिक नाही. चार जणांनी आपापला वाटा एकत्र करून २५० पौंडांहून मोठा एकच ओंडका उचलणे नियमात बसत नाही.

६. पहिल्या सहलीसाठी कोणती ठिकाणे सुचवाल?

सुरुवातीला अशा जागी जावे जिथे दगड उचलण्यासाठीच जमीन राखून ठेवलेली आहे. ॲरिझोनात सॅफर्डच्या ईशान्येला यूएस १९१ महामार्गालगत ब्लॅक हिल्स आणि डंकन गावाच्या दक्षिणेला राउंड माउंटन ही बीएलएमची दोन राखीव क्षेत्रे आहेत. दोन्ही ठिकाणी फायर ॲगेट मिळते. तपकिरी कॅल्सेडनीत लोहाच्या ऑक्साइडचे अतिशय पातळ थर असल्यामुळे या दगडातून लाल, हिरवा आणि सोनेरी रंग चमकतो. फिनिक्स किंवा टूसॉनमध्ये राहणाऱ्यांसाठी यापेक्षा सोपी सुरुवात नाही. राउंड माउंटनचा रस्ता अधिक खडतर आहे, म्हणून आधी ब्लॅक हिल्स.

न्यू मेक्सिकोत डेमिंगजवळ रॉकहाउंड स्टेट पार्क आहे. राज्य उद्यानांत दगड उचलण्यावर सामान्यतः बंदी असताना हे उद्यान अपवाद आहे. तिथे प्रत्येक पाहुण्याला १५ पौंडांपर्यंत दगड नेता येतात, तंबू लावायची सोय आहे आणि स्वच्छतागृहे आहेत. लहान मुले किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मी हेच सुचवेन, जरी अनेक दशके लोक तिथे वेचत असल्यामुळे चांगला माल मिळायला डोंगर थोडा चढावा लागतो.

कॅलिफोर्नियातल्यांसाठी ब्लाइथच्या नैर्ऋत्येला हाउजर जिओड बेड्स आहेत. इंटरस्टेट १० वरून वायलीज वेल रस्त्याने दक्षिणेकडे जायचे. डांबरी रस्ता लवकरच संपतो आणि पुढे कच्ची, काही ठिकाणी वाळूची वाट आहे. राखेच्या पांढुरक्या टेकड्यांत जिओड खणून काढावे लागतात आणि मेहनत बरीच आहे. बार्स्टोच्या पूर्वेला, इंटरस्टेट ४० च्या दक्षिणेस लॅव्हिक परिसरात मात्र लाल, पिवळे आणि तपकिरी जॅस्पर जमिनीवरच विखुरलेले असते. ही जागा २०१६ साली घोषित झालेल्या मोहावी ट्रेल्स राष्ट्रीय स्मारकाच्या परिसरात येते आणि रेल्वेच्या पट्ट्यातलीही आहे, म्हणून प्रश्न ४ आणि १५ वाचल्याशिवाय निघू नये.

७. कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबर ते मार्च. दिवाळीनंतर हवा निवळते आणि थँक्सगिव्हिंगची सुट्टी पहिल्या सहलीसाठी उत्तम असते. एप्रिलपासून ऊन चढते, आणि जून ते सप्टेंबर या काळात सखल वाळवंटात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नेहमीचे असते. त्याच सुमारास, १५ जून ते ३० सप्टेंबर, ॲरिझोनाचा पावसाळा असतो. आकाश डोक्यावर निरभ्र असतानाही दूरच्या डोंगरातल्या पावसाचे पाणी कोरड्या ओढ्यातून भिंतीसारखे येते. या ओढ्यांना तिथे वॉश म्हणतात. वाळू मऊ आणि सपाट असली तरी त्यांत तंबू लावू नये.

हिवाळ्यातली दुसरी बाजू अशी की रात्री तापमान शून्याजवळ जाते आणि अंधार साडेपाचलाच होतो. दुपारी तीननंतर गाडीपासून लांब जाऊ नये.

८. पाणी किती न्यावे, आणि काही झाले तर मदत कशी मिळते?

दरडोई दररोज निदान चार लिटर पिण्यासाठी, आणि त्याखेरीज गाडीत वीस लिटरचा हात न लावायचा साठा. हिवाळ्यात तहान जाणवत नाही म्हणून लोक पाणी कमी नेतात, पण कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि शरीर रिकामे होत राहते.

निघण्यापूर्वी घरी राहणाऱ्या कोणाला तरी नेमके ठिकाण, रस्ता आणि परतण्याची वेळ लिहून द्यावी. अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्या काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला कळवायचे, हेही ठरवून ठेवावे. उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे उपकरण घेता आले तर उत्तम. आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनमध्ये उपग्रहामार्फत आपत्कालीन संदेशाची सोय आहे, परंतु तिच्यासाठी आकाश मोकळे दिसावे लागते आणि अरुंद घळीत ती अडखळते. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबावे. शोधणाऱ्यांना माणसाआधी गाडी दिसते.

९. साधी सेडान चालेल का?

ब्लॅक हिल्स आणि रॉकहाउंड स्टेट पार्कसाठी कोरड्या हवेत बहुधा चालते. इतरत्र जमिनीपासून उंच असलेली गाडी हवी आणि वाळूच्या वाटेवर चारही चाकांना जोर देणारी. पूर्ण आकाराचे सुटे चाक, हवा भरायचा छोटा पंप, फावडे आणि चाकाखाली घालायला दोन फळ्या बरोबर ठेवाव्यात. वाळूत चाकांतली हवा थोडी कमी केली की पकड वाढते. डांबरी रस्त्यावर परतल्यावर ती पुन्हा भरायची. भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास बहुधा मनाई असते आणि तिथे अडकल्यास ओढून आणण्याचा खर्च भाडेकरूवर पडतो, हेही आधी वाचून घ्यावे.

१०. कोणती अवजारे लागतात?

एका बाजूला टोक असलेला भूशास्त्रज्ञांचा हातोडा, दीड-दोन किलोचा घण, छिन्नी, छोटी पहार, बादली, जाड हातमोजे आणि बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा. चष्मा ऐच्छिक नाही: अकिकाची कपची काचेसारखी धारदार उडते. एका हातोड्यावर दुसऱ्या हातोड्याने कधीही मारू नये. कडक पोलादाचा तुकडा उडून डोळा गेल्याची उदाहरणे आहेत. याखेरीज पाण्याची फवारणीची बाटली, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रे.

११. समोर शेकडो दगड पडलेले असतात. त्यांतला घोटण्याजोगा कोणता, हे तिथल्या तिथे कसे ठरवावे?

सहलीचे खरे कौशल्य यातच आहे आणि बहुतेक नवखे नको तितके दगड आणतात.

वाळवंटातल्या दगडांवर मँगनीज आणि लोहाचा काळपट-तपकिरी लेप चढलेला असतो, त्यामुळे वरून सगळे सारखे दिसतात. म्हणून कोपऱ्यावरून एक लहान कपची उडवावी. आतला भाग मेणासारखा किंवा काचेसारखा गुळगुळीत आणि शिंपल्यासारख्या वळणाने फुटला असेल तर तो घोटला जाईल. साखरेसारखा कणीदार किंवा मातकट फुटला असेल तर तो तिथेच ठेवावा. शंका राहिली तर पोलादी चाकूने ओरखडा काढून पाहावा. सिलिकेच्या दगडावर ओरखडा उठत नाही; उलट चाकूचेच पोलाद करड्या रेघेसारखे दगडावर उतरते.

यानंतर ताज्या भागावर पाणी फवारावे. ओला दगड जसा दिसतो तसाच तो घोटल्यावर दिसतो, म्हणून रंग आणि नक्षी यांचा निर्णय ओल्या दगडावर करावा. पाणी क्षणात जिरून गेले तर दगड सच्छिद्र आहे आणि त्याला चकाकी येणार नाही. लाल रंगाचे पुष्कळ कथित जॅस्पर या परीक्षेत नापास होतात. पाणी जिरले नाही, तर दगड उन्हात धरून वाळताना बघावा. पृष्ठभाग आधी वाळतो, भेगांमधले पाणी मागाहून, त्यामुळे काही क्षण भेगांच्या रेषा गडद उठून दिसतात. अशा रेषांचे जाळे दिसले तर रंग कितीही मोहक असला तरी दगड टाकावा, कारण तो करवतीखाली किंवा त्याहून वाईट म्हणजे अगदी शेवटच्या घासणीत दुभंगतो.

आकार उपयोगानुसार निवडावा. टंबलरसाठी एक ते चार सेंटिमीटरचे खडे, आणि शक्यतो सगळे सारख्याच कठीणतेचे. मऊ आणि कठीण एकत्र फिरवले की मऊ झिजून नाहीसे होतात. कॅबोशॉनसाठी, म्हणजे वरून घुमटाकार घोटलेल्या खड्यासाठी, पाच ते आठ मिलिमीटर जाडीच्या चकत्या काढाव्या लागतात, म्हणून निदान मुठीएवढा अखंड दगड हवा.

फायर ॲगेटला वेगळी नजर लागते. पृष्ठभागावर द्राक्षांच्या घडासारखे बुडबुडे असलेला तपकिरी कॅल्सेडनीचा तुकडा शोधावा आणि तो सरळ कापू नये. रंगाचा थर बुडबुड्याच्या वळणाने जातो, म्हणून वरचे कवच त्याच वळणाने थोडे थोडे घासत उतरवावे लागते. जिओडच्या बाबतीत आकाराच्या मानाने हलका लागला तर तो पोकळ असण्याचा संभव असतो. जागेवर हातोड्याने फोडण्याची इच्छा आवरावी, कारण करवतीने कापलेल्या जिओडचे दोन अर्ध मिळतात आणि हातोड्याने फोडलेल्याचे बहुधा तुकडे.

१२. साप, विंचू आणि धुळीचे काय?

जिथे दिसत नाही तिथे हात घालू नये; दगड हाताने उलटण्याऐवजी पहारेने आणि आपल्यापासून दूर उलटावा. हिवाळ्यात रॅटलस्नेक सुस्त असतात, पण उबदार दुपारी बाहेर येतात. चोल्या निवडुंगाचा काटेरी गोळा कपड्याला चिकटला तर हाताने न ओढता कंगव्याने उडवावा. कासव दिसले तर त्याला उचलू नये: घाबरले की ते साठवलेले पाणी सोडून देते आणि वाळवंटात ते त्याच्या जिवावर बेतू शकते. गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे, कारण कासवे सावलीला तिथेच बसतात.

धुळीचा धोका कमी लोकांना माहीत असतो. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या काही भागांतल्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. तिचे बीजाणू श्वासातून गेल्यास व्हॅली फीवर होतो. खणताना एन-९५ मुखपट्टी लावावी आणि वाऱ्याच्या उगमाकडे पाठ करून बसावे. गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी खणणे टाळावे. लक्षणे एक ते तीन आठवड्यांनी दिसतात: ताप, खोकला, कमालीचा थकवा. भारतातून आलेले आईवडील तोवर परत गेलेले असू शकतात आणि पुण्यातल्या डॉक्टरांना हा आजार चटकन सुचणार नाही. म्हणून तपासणीच्या वेळी ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे.

१३. वाटेत जुन्या खाणी दिसतात. आत डोकावून पाहावे का?

नाही. आत प्राणवायू नसलेली हवा साचलेली असते, जमिनीवरच्या कुजक्या फळ्यांखाली खोल विहिरीसारखे खड्डे असतात आणि छत कधीही ढासळते. बाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगात मात्र अनेकदा चांगला माल असतो. तो ढीगही कोणाच्या तरी दाव्यात असण्याची शक्यता मोठी असल्यामुळे आधी प्रश्न ४ प्रमाणे नोंद पाहावी.

१४. जीवाश्म, बाणाची दगडी टोके किंवा उल्का सापडली तर?

तिघांना तीन वेगळे नियम आहेत. शिंपले, वनस्पती असे सर्वसामान्य जीवाश्म बीएलएमच्या जमिनीवरून थोड्या प्रमाणात घेता येतात, परंतु पृष्ठवंशीय प्राण्यांचे काहीही, एखादा दातसुद्धा, परवान्याशिवाय घेता येत नाही. २००९ च्या कायद्याने हे स्पष्ट केले आहे. बाणाची टोके, खापरे, दगडी हत्यारे हा पुरातत्त्वीय ठेवा आहे आणि केंद्रीय जमिनीवरून तो हलवणे गुन्हा ठरू शकतो. अकिकाच्या जागी हा पेच हमखास येतो, कारण मूळ रहिवाशांनीही चांगला दगड ओळखून तिथेच हत्यारे घडवली. कपच्या एकाच दिशेने, ठरवून काढलेल्या दिसल्या तर वस्तू होती तिथेच ठेवावी. उल्का मात्र बीएलएमच्या खुल्या जमिनीवर पृष्ठभागावरून दरडोई वर्षाला १० पौंडांपर्यंत विनापरवाना घेता येतात.

अश्मीभूत लाकूडही जीवाश्मच आहे, पण त्याला १९६२ पासून स्वतंत्र नियम आहे. तो प्रश्न ५ मध्ये दिला आहे.

१५. वन्य क्षेत्र किंवा राष्ट्रीय स्मारक बीएलएमकडेच असेल, तर तिथे चालते का?

कधी चालते, कधी नाही. बीएलएमच्या वन्य क्षेत्रांत हाताने पृष्ठभागावरचे थोडे दगड उचलायला साधारणपणे हरकत नसते, मात्र वाहन आत नेता येत नाही आणि जमीन उकरण्यास मुभा नसते. राष्ट्रीय स्मारकांची गोष्ट निराळी आहे: प्रत्येक स्मारकाची घोषणा आणि व्यवस्थापन आराखडा वेगळा असतो, आणि आराखडा बदलला की मुभाही बदलते. अशा जागेसाठी त्याच हंगामात संबंधित कार्यालयाला विचारावे आणि शक्य तर उत्तर ईमेलने घ्यावे.

जुन्या मार्गदर्शक पुस्तकांवर विसंबणाऱ्यांनी एक वर्ष लक्षात ठेवावे: १९९४. त्या वर्षीच्या कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण कायद्याने डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री ही राष्ट्रीय उद्याने झाली, मोहावी प्रिझर्व्ह निर्माण झाले आणि बीएलएमच्या डझनावारी जागा वन्य क्षेत्रांत गेल्या. त्याआधी छापलेल्या पुस्तकातल्या खुणा आज बंद क्षेत्रात असू शकतात.

१६. आम्ही अमेरिकेचे नागरिक नाही. आम्हाला दगड उचलता येतात का?

येतात. छंद म्हणून दगड घेण्याच्या नियमांत नागरिकत्वाची अट नाही. ती अट खाणदावा नोंदवण्यासाठी आहे. तो हक्क नागरिकांना आणि नागरिकत्व घेण्याचा इरादा अधिकृतपणे जाहीर केलेल्यांना आहे.

१७. गोळा केलेल्या दगडांचे दागिने करून विकले तर?

विनापरवाना मुभा केवळ बिगरव्यापारी वापरासाठी आहे, त्यामुळे बीएलएमच्या जमिनीवरून छंद म्हणून आणलेला माल विकू नये. भेट म्हणून देता येतो. विकायचे दागिने करायचे असतील तर कच्चा दगड विकत घ्यावा आणि पावती जपावी. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत क्वार्टझ्साइट आणि पाठोपाठ टूसॉन येथे भरणाऱ्या बाजारांत पौंडाच्या भावाने चांगला माल मिळतो; तिथे दख्खनची खनिजे आणि गुजरातचे अकीकही विकायला आलेले दिसते. पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानाजवळच्या होलब्रुकमध्ये खाजगी जमिनीवरून काढलेले अश्मीभूत लाकूड कायदेशीररीत्या विकत मिळते, आणि उद्यानातला एक तुकडा खिशात घालण्याचा मोह टाळायला तेवढे पुरे आहे.

१८. विमानाने परतताना किंवा भारतात नेताना काय अडचण येते?

हातोडा, छिन्नी आणि पहार केबिनमध्ये चालत नाहीत. ती चेक-इन सामानात टाकावीत. दगड हातसामानात नेण्यावर सरसकट बंदी नसली तरी मुठीएवढा दगड नेऊ द्यायचा की नाही हे तपासनिसाच्या मर्जीवर असते. खरी अडचण वजनाची आहे, कारण २३ किलोची बॅग दगडांनी अर्धीसुद्धा भरत नाही. भारतात नेताना दगड ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून न्यावेत, कारण वनस्पती संसर्गरोधाच्या नियमांनुसार परदेशी माती परवान्याशिवाय आणता येत नाही आणि जिओडच्या भेगांत ती हमखास अडकलेली असते. विकत घेतलेल्या दगडांच्या पावत्या जवळ ठेवाव्यात आणि शंका असेल तर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना आपणहून सांगावे.

१९. आणलेला ओपल काही आठवड्यांत तडकला. असे का होते?

ओपलच्या रचनेतच पाणी असते. जमिनीतून बाहेर निघालेला ओपल कोरड्या हवेत ते पाणी गमावतो आणि आकसताना पृष्ठभागावर बारीक तडांचे जाळे उमटते. नेवाडातील व्हर्जिन व्हॅलीचे ओपल यासाठी कुप्रसिद्ध आहेत. रंगांचा खेळ अप्रतिम असूनही बरेच संग्राहक ते पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीतच ठेवतात. ओपल घोटायचा असेल तर तो कित्येक महिने अतिशय सावकाश वाळू द्यावा आणि तरीही न तडकल्यासच करवतीला लावावा. अकीक, जॅस्पर आणि कॅल्सेडनी यांना ही अडचण नाही. ती मात्र कोरडी कापू किंवा घासू नयेत: सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसांत कायमची बसते, म्हणून घरच्या कामातही दगडावर सतत पाणी किंवा यंत्राला साजेसे शीतक तेल राहील अशीच व्यवस्था करावी.